२०२४ मधील न्यायनिवाडे आणि नागरी स्वातंत्र्य : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२४ या वर्षात भारतातील नागरिकांच्या मूलभूत हक्कांवर परिणाम करणारे निकाल एकामागून एक आले. निवडणूक रोखे रद्द झाले, ब्रिटिशकालीन फौजदारी कायद्यांची जागा नव्या संहितांनी घेतली, आणि अटक, जामीन, घरांची पाडापाडी व तुरुंगातील जातिभेद या विषयांवर सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट भूमिका घेतल्या. या घडामोडींविषयी पुन्हा पुन्हा विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. प्रत्येक निकालाबाबत न्यायालय काय म्हणाले याबरोबरच ते कधी म्हणाले, आणि तोवर संबंधित माणसावर काय ओढवले होते, हेही शक्य तेथे नोंदवले आहे. निकालाची खरी किंमत त्या मधल्या काळाचा हिशेब मांडल्याशिवाय कळत नाही, असे आम्हांला वाटते.

वर्षातील सर्वांत महत्त्वाचा निकाल कोणता मानावा?

आमच्या मते १५ फेब्रुवारी २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निवडणूक रोखे योजना एकमताने घटनाबाह्य ठरवली, तो निकाल. २ जानेवारी २०१८ रोजी अधिसूचित झालेल्या या योजनेत कोणतीही व्यक्ती वा कंपनी स्टेट बँकेकडून एक हजार रुपयांपासून एक कोटी रुपयांपर्यंतचे रोखे विकत घेऊन ते राजकीय पक्षाला देऊ शकत होती, आणि देणाऱ्याचे नाव मतदाराला कधीच कळत नव्हते. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने असे म्हटले की, पक्षांना पैसा कोठून येतो हे जाणून घेणे हा मतदाराच्या निवडीचाच भाग आहे आणि त्याला राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(१)(क) मधील अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण आहे. काळ्या पैशाला आळा घालणे हा सरकारने सांगितलेला हेतू या हक्कावर गदा आणण्यास पुरेसा नाही, कारण त्यासाठी कमी जाचक मार्ग उपलब्ध आहेत, असेही पीठाने नमूद केले.

निकालाच्या दुसऱ्या भागाकडे मात्र चर्चेत दुर्लक्ष होते. पूर्वी कंपनीला आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या ७.५ टक्क्यांपर्यंतच देणगी देता येत असे. २०१७ मध्ये ही मर्यादा काढून टाकल्यामुळे तोट्यातील कंपनीलाही वाटेल तेवढी देणगी देण्याची मुभा मिळाली होती. न्यायालयाने ही दुरुस्तीही मनमानी ठरवून रद्द केली. सामान्य मतदार आणि बडी कंपनी यांचा राजकारणावरील प्रभाव कायद्याने एकाच मापात धरता येणार नाही, हे न्यायालयाने इतक्या स्पष्ट शब्दांत मान्य केले, ही मोठी गोष्ट आहे.

रोख्यांची माहिती जाहीर झाली, पण पुढे काय झाले?

स्टेट बँकेने १२ एप्रिल २०१९ पासूनचा तपशील ६ मार्चपर्यंत निवडणूक आयोगाला द्यावा, असा आदेश होता. बँकेने ३० जूनपर्यंत मुदत मागितली, म्हणजे लोकसभा निवडणूक उरकल्यानंतरची. ११ मार्च रोजी न्यायालयाने ती मागणी फेटाळून दुसऱ्याच दिवशी माहिती देण्यास सांगितले आणि १४ मार्चला आयोगाने ती प्रसिद्ध केली. २२,२१७ रोखे विकले गेले आणि २२,०३० वटवले गेले, असे बँकेने प्रतिज्ञापत्रात सांगितले. कोणाचा रोखा कोणत्या पक्षाकडे गेला हे जुळवण्यासाठी लागणारे रोख्यांवरील क्रमांक मात्र बँकेने पहिल्या फेरीत दिलेच नव्हते. त्यासाठी पुन्हा आदेश काढावा लागला आणि २१ मार्चनंतरच हे चित्र पूर्ण झाले.

देणगी आणि सरकारी कंत्राटे वा तपासयंत्रणांची कारवाई यांच्यातील संबंध न्यायालयाच्या देखरेखीखाली विशेष पथकाने तपासावा, ही मागणी २ ऑगस्ट रोजी फेटाळण्यात आली. योजना घटनाबाह्य ठरली, परंतु तिच्यातून जमा झालेला पैसा पक्षांकडेच राहिला आणि त्याच पैशावर त्या वर्षीची निवडणूक लढवली गेली. याचिका २०१७ पासून पडून होत्या, हे लक्षात घेतले तर हा उशीर किती महागात पडला ते समजते.

गुजरातमधील अकरा दोषींची शिक्षामाफी कोणत्या कारणाने रद्द झाली?

२००२ च्या गुजरात दंगलीतील सामूहिक बलात्कार आणि हत्याकांडाच्या खटल्यात जन्मठेप झालेल्या अकरा जणांना गुजरात सरकारने १५ ऑगस्ट २०२२ रोजी मुदतीआधी सोडले होते. ८ जानेवारी २०२४ रोजी न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना आणि उज्ज्वल भुयान यांच्या खंडपीठाने ती सुटका रद्द केली. हा खटला निष्पक्ष सुनावणीसाठी मुंबईत हलवण्यात आला होता आणि २००८ मध्ये शिक्षाही मुंबईतील न्यायालयानेच सुनावली होती, त्यामुळे शिक्षामाफीचा विचार करण्याचा अधिकार महाराष्ट्र सरकारचा होता, गुजरातचा नव्हता. त्याशिवाय २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाकडून अनुकूल आदेश मिळवताना महत्त्वाची माहिती दडवली गेली होती, असेही न्यायालयाने म्हटले. न्यायालयाने दोन आठवड्यांची मुदत दिली होती आणि २१ जानेवारीच्या रात्री दोषी पुन्हा तुरुंगात हजर झाले. दोन दशके लढलेल्या पीडितेला सुटकेनंतर पुन्हा एकदा न्यायालयाची पायरी चढावी लागली, ही यातील सर्वांत कठोर बाब आहे.

प्रा. साईबाबा यांच्या निर्दोष मुक्ततेला एवढे महत्त्व का दिले जाते?

दिल्ली विद्यापीठाच्या रामलाल आनंद महाविद्यालयात इंग्रजी शिकवणारे जी. एन. साईबाबा यांना मे २०१४ मध्ये माओवाद्यांशी संबंध असल्याच्या आरोपावरून अटक झाली. पोलिओमुळे त्यांचे शरीर ९० टक्के अपंग होते आणि ते चाकांच्या खुर्चीवर अवलंबून होते. मार्च २०१७ मध्ये गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने त्यांना बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली, म्हणजे यूएपीएखाली, जन्मठेप सुनावली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १४ ऑक्टोबर २०२२ रोजी त्यांची मुक्तता केली, कारण खटला चालवण्यासाठी कायद्याने आवश्यक असलेली पूर्वपरवानगी सदोष होती. दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, सर्वोच्च न्यायालयाने खास बैठक घेऊन त्या निकालाला स्थगिती दिली. एप्रिल २०२३ मध्ये तो निकाल रद्द होऊन प्रकरण नव्याने सुनावणीसाठी उच्च न्यायालयाकडे परत पाठवण्यात आले.

५ मार्च २०२४ रोजी न्यायमूर्ती विनय जोशी आणि वाल्मीकी मेनेझिस यांच्या खंडपीठाने सर्व आरोपींना दुसऱ्यांदा निर्दोष ठरवले. या वेळी परवानगीतील दोषाबरोबरच पुराव्यांचीही तपासणी झाली. एखाद्या विचारसरणीचे साहित्य संगणकावर उतरवून घेणे हा आपोआप गुन्हा ठरत नाही आणि दहशतवादी कृत्याशी थेट संबंध दाखवणारा पुरावा सरकारी पक्षाने सिद्ध केलेला नाही, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला. या वेळी सर्वोच्च न्यायालयानेही स्थगिती देण्यास नकार दिला.

तोपर्यंत सहआरोपींपैकी एका आदिवासी तरुणाचा ऑगस्ट २०२२ मध्येच कोठडीत मृत्यू झालेला होता. साईबाबा नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहातून बाहेर आले ते खालावलेल्या प्रकृतीसह, आणि १२ ऑक्टोबर २०२४ रोजी हैदराबादमध्ये त्यांचे निधन झाले. मुक्ततेनंतर त्यांना जेमतेम सात महिने मिळाले. आपल्या कायद्यात अशा चुकीच्या कारावासासाठी भरपाई देण्याची कोणतीही सर्वसाधारण तरतूद नाही. संसदेने ही उणीव भरून काढावी, अशी शिफारस विधी आयोगाने २०१८ मध्येच केली आहे.

‘जामीन हा नियम, तुरुंग हा अपवाद’ हे तत्त्व २०२४ मध्ये खरोखर मजबूत झाले का?

कागदावर नक्कीच झाले. ३ जुलै रोजी महाराष्ट्रातील एका बनावट चलनाच्या प्रकरणात, चार वर्षे कोठडीत असूनही ज्याच्यावर आरोप निश्चित झाले नव्हते अशा आरोपीला जामीन देताना सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, गुन्हा कितीही गंभीर असला तरी अनुच्छेद २१ मधील जलद सुनावणीचा हक्क संपत नाही. ९ ऑगस्ट रोजी मद्यधोरण प्रकरणात दिल्लीचे माजी उपमुख्यमंत्री मनीष सिसोदिया यांना सतरा महिन्यांनी जामीन मिळाला. त्या प्रकरणात ४९३ साक्षीदार होते, म्हणजे खटला नजीकच्या काळात संपण्याची शक्यताच नव्हती. जामीन देण्याच्या बाबतीत खालची न्यायालये आणि उच्च न्यायालये स्वतःला सुरक्षित ठेवण्याचा मार्ग पत्करतात, अशी खंत न्यायमूर्ती भूषण गवई आणि के. व्ही. विश्वनाथन यांनी त्या निकालात व्यक्त केली. १३ ऑगस्ट रोजी न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाने यूएपीएच्या प्रकरणांतही हेच तत्त्व लागू होते असे सांगितले, आणि २८ ऑगस्टला मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याबाबतही तसेच म्हटले गेले.

तुरुंगाच्या आत मात्र हे तत्त्व सर्वांपर्यंत सारखे पोहोचले नाही. भीमा कोरेगाव प्रकरणातील नागपूर विद्यापीठाच्या प्राध्यापिका शोमा सेन यांना ५ एप्रिल २०२४ रोजी जामीन मिळाला, तेव्हा अटकेला सहा वर्षे होत आली होती आणि खटला उभाही राहिलेला नव्हता. दिल्ली दंगलीच्या प्रकरणात सप्टेंबर २०२० पासून कोठडीत असलेले विद्यार्थी कार्यकर्ते उमर खालिद यांनी फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयातील जामीन अर्ज मागे घेतला, मे महिन्यात दिल्लीच्या सत्र न्यायालयाने त्यांना जामीन नाकारला आणि डिसेंबरमध्ये नातलगाच्या विवाहासाठी सात दिवसांची मुभा मिळाली. यूएपीएच्या कलम ४३ड(५) नुसार आरोप नुसते सकृद्दर्शनी खरे वाटले तरी जामीन देता येत नाही, आणि त्या टप्प्यावर पुराव्यांची कसून तपासणी होत नाही. ही तरतूद कायम असेपर्यंत जामीन मिळणे हे कायद्यापेक्षा प्रकरण कोणत्या पीठापुढे येते यावर अधिक अवलंबून राहील, अशी आमची भीती आहे.

पोलिसांनी अटकेची कारणे लेखी देणे बंधनकारक आहे का?

होय. या विषयावरील वर्षातील महत्त्वाचा निकाल १५ मे २०२४ रोजी आला. न्यूजक्लिक या वृत्तसंकेतस्थळाचे संस्थापक प्रबीर पुरकायस्थ यांची ३ ऑक्टोबर २०२३ रोजी यूएपीएखाली झालेली अटक आणि त्यानंतरची कोठडी सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा ठरवली, कारण अटकेचे आधार त्यांना लेखी देण्यात आले नव्हते. कोठडीचा आदेश तर पहाटेच मिळवण्यात आला होता, आणि त्यांच्या नेहमीच्या वकिलांना बाजू मांडण्याची संधी मिळाली नव्हती. तपासात अडथळा येऊ नये, पुरावा नष्ट होऊ नये अशी कोणालाही लागू पडणारी छापील वाक्ये पुरेशी नाहीत आणि त्या विशिष्ट व्यक्तीविरुद्ध नेमके काय आहे ते लिहून दिले पाहिजे, असे न्यायालयाने बजावले. अनुच्छेद २२(१) मधील हा हक्क राज्यघटनेइतकाच जुना आहे. त्याला लेखी रूप देण्याची सक्ती मात्र ऑक्टोबर २०२३ मध्ये मनी लाँडरिंगच्या प्रकरणांत आणि मग या निकालाने यूएपीएच्या प्रकरणांत आली.

पुढे ६ नोव्हेंबर २०२५ रोजी मुंबईतील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा नियम सर्व गुन्ह्यांना लागू केला. आता अटकेची कारणे अटक झालेल्या व्यक्तीला समजणाऱ्या भाषेत लेखी द्यावी लागतात. घटनास्थळी ते शक्य नसेल तर तोंडी सांगून, दंडाधिकाऱ्यापुढे हजर करण्याच्या किमान दोन तास आधी लेखी प्रत द्यावी लागते. घरातील कोणाला अटक झाली तर नातेवाइकांनी सर्वप्रथम हा कागद मागावा आणि त्यावरील दिनांक व वेळ नीट पाहून ठेवावी. कोठडीला आव्हान देताना बहुतेक वेळा तोच कागद निर्णायक ठरतो.

चौकशीच्या नावाखाली रात्रभर बसवून ठेवता येते का?

एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि मंजुषा देशपांडे यांच्या खंडपीठाने या प्रथेबद्दल तीव्र नापसंती व्यक्त केली. सक्तवसुली संचालनालयाने एका ज्येष्ठ नागरिकाचा जबाब पहाटेपर्यंत नोंदवला होता. झोप ही माणसाची मूलभूत गरज आहे, ती हिरावल्याने विचारशक्तीवर परिणाम होतो आणि जबाब वाजवी वेळेतच नोंदवले गेले पाहिजेत, असे न्यायालयाने सांगून संचालनालयाला तशा सूचना काढण्याचे निर्देश दिले. संबंधित व्यक्तीची अटक मात्र न्यायालयाने बेकायदा ठरवली नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यांनी सामान्य माणसासाठी काय बदलले?

१८६० च्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता, १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि १८७२ च्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. ही तिन्ही विधेयके डिसेंबर २०२३ मध्ये संमत झाली, तेव्हा दोन्ही सभागृहांतील मिळून १४६ विरोधी खासदार निलंबित होते. कोट्यवधी लोकांच्या स्वातंत्र्यावर परिणाम करणारे कायदे अर्ध्या रिकाम्या सभागृहात संमत व्हावेत, हे संसदीय परंपरेला शोभणारे नव्हते.

काही बदल स्वागतार्ह आहेत. कोणत्याही पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवता येण्याला, म्हणजे झिरो एफआयआरला, आता कायद्यात स्थान मिळाले आहे. झडती आणि जप्तीचे चित्रीकरण बंधनकारक झाले आहे. सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे अपेक्षित आहे. किरकोळ गुन्ह्यांसाठी समाजसेवा ही शिक्षा प्रथमच आली.

काळजीची बाब पोलीस कोठडीची आहे. पूर्वी पोलीस कोठडीचे पंधरा दिवस अटकेनंतरच्या पहिल्या पंधरा दिवसांतच वापरावे लागत. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७ नुसार ते गुन्ह्याच्या स्वरूपाप्रमाणे पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत तुकड्यातुकड्यांनी मागता येतात. त्यामुळे न्यायालयीन कोठडीत गेलेल्या माणसालाही पुन्हा पोलिसांच्या ताब्यात जाण्याची टांगती तलवार दीर्घकाळ राहते, आणि पोलीस कोठडी शिल्लक आहे या सबबीवर त्याचा जामीनही अडवला जाऊ शकतो. मारहाणीचा धोका सर्वांत जास्त पोलीस कोठडीतच असतो, हे ठाऊक असणाऱ्या कोणालाही हा बदल हलका वाटणार नाही. दुसरी उणीव अशी की, जुने कलम ३७७ पूर्णपणे वगळल्यामुळे पुरुष आणि तृतीयपंथी व्यक्तींवरील लैंगिक अत्याचारासाठी नव्या संहितेत वेगळे कलम उरलेले नाही.

राजद्रोहाचे कलम खरोखर गेले का?

‘राजद्रोह’ हा शब्द गेला. जुन्या कलम १२४अ चा वापर सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२२ रोजीच थांबवला होता. न्याय संहितेच्या कलम १५२ मध्ये भारताचे सार्वभौमत्व, एकता आणि अखंडता धोक्यात आणणाऱ्या कृत्यांसाठी जन्मठेप किंवा सात वर्षांपर्यंतची शिक्षा आहे, आणि फुटीरतेच्या भावनेला उत्तेजन देणे यासारखे सैल शब्द त्यात आहेत. बोलणे, लिहिणे, चिन्हे, इलेक्ट्रॉनिक संदेश आणि आर्थिक साधने हे सर्व त्याच्या कक्षेत येते. पत्रकारांवर या कलमाखाली गुन्हे नोंदवले गेल्याचे पुढे दिसलेच.

कच्च्या कैद्यांना नव्या कायद्याचा काही लाभ आहे का?

आहे, आणि तो फारच कमी लोकांना माहीत आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ तुरुंगात काढला असेल तर त्याला बंधपत्रावर सोडावे लागते. इतरांसाठी ही मर्यादा निम्म्या काळाची आहे. मृत्युदंड वा जन्मठेपेची शिक्षा असलेल्या गुन्ह्यांना हा लाभ नाही, आणि एकाहून अधिक खटले प्रलंबित असणाऱ्यालाही तो मिळत नाही. २३ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद १ जुलैपूर्वीच्या प्रकरणांनाही लागू असल्याचे स्पष्ट केले आणि अर्ज करण्याची जबाबदारी तुरुंग अधीक्षकांवर असल्याची आठवण दिली. भारतातील तुरुंगांत दर चार कैद्यांपैकी जवळपास तिघांचा खटला अजून संपलेला नसतो, त्यामुळे या एका कलमाची प्रामाणिक अंमलबजावणी अनेक घरांचे चित्र बदलू शकते. तुरुंगात कोणी ओळखीचे असल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे या कलमाचा उल्लेख करून लेखी अर्ज करावा. तेथे वकील विनामूल्य मिळतो.

बुलडोझर कारवाईविषयीच्या निकालाने महापालिकांवर कोणती बंधने आली?

१३ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायमूर्ती गवई आणि विश्वनाथन यांच्या खंडपीठाने सांगितले की, एखाद्यावर गुन्ह्याचा आरोप आहे, किंवा तो दोषी ठरला आहे, एवढ्या कारणावरून त्याचे घर पाडता येत नाही. प्रशासन न्यायाधीश होऊ शकत नाही, आणि घरातील एकाच्या कथित अपराधासाठी बायकामुले व वृद्धांना रस्त्यावर आणणे ही सामूहिक शिक्षा आहे. यापुढे पाडकामाआधी किमान पंधरा दिवसांची नोटीस नोंदणीकृत टपालाने पाठवावी व इमारतीवर चिकटवावी, संबंधिताचे म्हणणे ऐकावे, कारणांसह आदेश द्यावा, आदेशानंतरही पंधरा दिवस द्यावेत आणि प्रत्यक्ष पाडकामाचे चित्रीकरण करावे, असे निर्देश आहेत. उल्लंघन करणाऱ्या अधिकाऱ्याने स्वतःच्या पगारातून भरपाई करून मालमत्ता पूर्ववत करून द्यावी, ही त्यातील सर्वांत धारदार अट होय. रस्ता, पदपथ, रेल्वेमार्ग, नदी वा जलाशय यांवरील अतिक्रमणांना आणि न्यायालयाने स्वतः आदेश दिलेल्या पाडकामांना हे नियम लागू नाहीत.

या निकालानंतर जेमतेम चार महिन्यांनी, मार्च २०२५ मध्ये, नागपुरात दंगलीतील आरोपीच्या घरावर महापालिकेची यंत्रे चालली. उच्च न्यायालयाने कारवाईला स्थगिती दिली, आणि त्यानंतर महापालिकेच्या आयुक्तांनी बिनशर्त माफी मागताना आपल्या अधिकाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाच्या या निर्देशांची माहितीच नव्हती, असे सांगितले. देशभर गाजलेला निकाल चार महिन्यांत राज्याच्या उपराजधानीतील महापालिकेपर्यंत पोहोचत नसेल, तर तालुक्याच्या गावात त्याचे काय होत असेल, हा प्रश्न आम्हांला अस्वस्थ करतो. नोटीस आलेल्या कुटुंबाने म्हणूनच निकालाची प्रत सोबत जोडूनच उत्तर द्यावे.

तुरुंगात जात कशी काय शिल्लक होती?

नियमपुस्तिकांतच होती. पत्रकार सुकन्या शांता यांच्या वार्तांकनातून आणि याचिकेतून हे पुढे आले की, अनेक राज्यांच्या कारागृह नियमावलींत सफाईचे काम विशिष्ट जातींच्या कैद्यांना आणि स्वयंपाकाचे काम ‘योग्य’ जातींच्या कैद्यांना देण्याची तरतूद होती. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा तरतुदी अनुच्छेद १४, १५, १७, २१ आणि २३ यांचा भंग करणाऱ्या ठरवून रद्द केल्या, नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढण्यास सांगितले आणि राज्यांना नियमावली सुधारण्यासाठी तीन महिने दिले.

महाराष्ट्राच्या दृष्टीने या निकालातील विमुक्त जमातींविषयीचा भाग अधिक मोलाचा आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलेल्या समाजांना १९५२ मध्ये त्या शिक्क्यातून मुक्त करण्यात आले. सोलापूरसारख्या ठिकाणी त्यांच्या कुंपणबंद वसाहती होत्या. तरीही तुरुंगाच्या नियमांत ‘सराईत गुन्हेगार’ या शब्दाआडून तोच शिक्का जिवंत राहिला होता. एखाद्या जमातीत जन्मला म्हणून कोणालाही सराईत ठरवता येणार नाही आणि त्या कारणाने मनमानी अटकही करता येणार नाही, असे न्यायालयाने बजावले. चोरी झाली की आधी पारध्यांच्या पालावर जाण्याची पोलिसांची सवय ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या वाक्यांचे वजन वेगळे सांगावे लागणार नाही.

सरकारच्या फॅक्ट चेक युनिटचे काय झाले?

एप्रिल २०२३ मधील माहिती तंत्रज्ञान नियमांतील दुरुस्तीने केंद्र सरकारच्या कामकाजाविषयीचा मजकूर ‘खोटा, बनावट किंवा दिशाभूल करणारा’ ठरवण्याचा अधिकार सरकारनेच नेमलेल्या पथकाला दिला होता. विनोदी कलाकार कुणाल कामरा आणि इतरांनी तिला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. ३१ जानेवारी २०२४ रोजी न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी दुरुस्ती अवैध आणि न्यायमूर्ती नीला गोखले यांनी वैध ठरवली. तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी २० सप्टेंबर रोजी पटेल यांच्याशी सहमती दर्शवल्याने ती रद्द झाली. मधल्या काळात, २० मार्च रोजी, म्हणजे लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, सरकारने हे पथक अधिसूचित केले आणि दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. स्वतःवरील टीका खरी की खोटी हे ठरवण्याचा अधिकार सरकारकडे असू नये, हे तत्त्व वेळेत राखले गेल्याचे हे वर्षातील दुर्मीळ उदाहरण आहे.

बदलापूर प्रकरणातील आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला, त्यात चूक काय?

हा प्रश्न अनेकजण मनापासून विचारतात, म्हणून त्याचे उत्तरही गांभीर्यानेच दिले पाहिजे. ऑगस्ट २०२४ मध्ये उघड झालेल्या, शाळेतील चिमुकल्या मुलींवरील अत्याचारामुळे उसळलेला संताप पूर्णपणे रास्त होता. आरोपीला २३ सप्टेंबर रोजी तळोजा कारागृहातून नेत असताना पोलीस वाहनात गोळी लागून त्याचा मृत्यू झाला. एका माणसाला वाहनातील पोलीस आवरू शकले नाहीत, हे पटणे कठीण आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने तेव्हाच म्हटले. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीचा अहवाल जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयापुढे आला, त्यात पाच पोलिसांना जबाबदार धरण्यात आले होते.

त्या मुलींना खटल्याचा निकाल मिळायला हवा होता. शाळेने तक्रार दडपली का, गुन्हा नोंदवायला पोलिसांनी उशीर का केला, हे सर्व साक्षीपुराव्यांतून बाहेर येण्याची मुख्य वाट आरोपीच्या मृत्यूबरोबर बंद झाली. शिवाय गोळी झाडण्याचा अधिकार एकदा मान्य केला की पुढचा आरोपी खरोखर दोषी आहे की नाही, हे तपासणारे कोणीच उरत नाही.

खासगी मालमत्तेबाबतच्या नऊ न्यायमूर्तींच्या निकालाचा मुंबईशी काय संबंध?

मूळ वाद मुंबईतील उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या भाड्याच्या इमारतींचा आहे. म्हाडा कायद्यात १९८६ मध्ये घातलेल्या प्रकरण आठ-अ नुसार, सत्तर टक्के रहिवाशांनी मागणी केल्यास जुनी इमारत संपादित करता येते. अनुच्छेद ३९(ख) चा आधार घेणाऱ्या या तरतुदीविरुद्धची मालकांची याचिका १९९२ पासून प्रलंबित होती. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयात बहुमताने असे ठरले की प्रत्येक खासगी मालमत्ता ही अनुच्छेद ३९(ख) मधील ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ नसते. काही मालमत्ता तशी असू शकते. न्यायमूर्ती सुधांशु धुलिया यांनी भिन्नमत नोंदवले. निकालाने जुन्या चाळींतील भाडेकरूंचा प्रश्न सुटलेला नाही.

घटस्फोटित मुस्लिम महिलेच्या पोटगीबाबत काय ठरले?

१० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली (आता नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४) पोटगी मागण्याचा हक्क सर्व धर्मांच्या महिलांना आहे आणि घटस्फोटित मुस्लिम महिलांसाठीचा १९८६ चा विशेष कायदा त्याच्या आड येत नाही. न्यायमूर्ती नागरत्ना यांनी गृहिणीच्या आर्थिक परावलंबित्वाविषयी, आणि पतीने तिला बँकेतील संयुक्त खाते व एटीएमचा वापर उपलब्ध करून देण्याविषयी जे लिहिले आहे, ते प्रत्येक घराने वाचण्यासारखे आहे.

वर्ष संपताना कोणते प्रश्न अनिर्णित राहिले?

नागरिकत्व दुरुस्ती कायद्याचे नियम ११ मार्च २०२४ रोजी लागू झाले, परंतु २०१९ पासून त्याला आव्हान देणाऱ्या याचिकांवर निर्णय झाला नाही. मनी लाँडरिंग कायद्यातील कठोर तरतुदी वैध ठरवणाऱ्या २०२२ च्या निकालाचे पुनर्विलोकनही बाकीच राहिले. पतीने केलेल्या बलात्काराला गुन्ह्यातून वगळणाऱ्या तरतुदीवरील सुनावणी ऑक्टोबरमध्ये सुरू झाली आणि सरन्यायाधीशांची निवृत्ती जवळ आल्याने पुढे ढकलली गेली. प्रार्थनास्थळांचे स्वातंत्र्यदिनी असलेले स्वरूप कायम ठेवणाऱ्या १९९१ च्या कायद्याबाबत १२ डिसेंबर रोजी अंतरिम आदेश आला आणि त्याने नवे दावे नोंदवून घेण्यास व सर्वेक्षणाचे आदेश देण्यास मनाई केली. त्याआधी, २४ नोव्हेंबर रोजी, उत्तर प्रदेशातील संभल येथे मशिदीच्या सर्वेक्षणावरून हिंसाचार उसळून माणसे दगावली होती.

महाराष्ट्रात विशेष जनसुरक्षा विधेयक जुलै २०२४ मध्ये मांडले गेले, विधानसभेच्या मुदतीबरोबर ते मागे पडले आणि डिसेंबरमध्ये नागपूर अधिवेशनात पुन्हा मांडून संयुक्त समितीकडे गेले. ‘बेकायदेशीर कृत्य’ या संज्ञेची त्यातील व्याख्या इतकी व्यापक होती की शांततापूर्ण आंदोलनेही तिच्यात ओढता येतील, असा आक्षेप अनेक संघटनांनी घेतला आणि समितीकडे बारा हजारांहून अधिक सूचना व हरकती आल्या. काही बदलांनंतर ते जुलै २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांत संमत झाले.